रिकाम्या हातांची येळवस

तुरीच्या शेंगा टणक व्हायला लागल्या, हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट आंब चढली आणि पहाटे हौदात हात घालताना बोटं आखडायला लागली, की माझ्या पोटात एक लहानसा गोळा येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतोच. आजूबाजूच्या रानांत तेव्हा नुसती लगबग असते. कुणी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतं, कुणी आंबिलीसाठी ताक साठवतं, बाजारात ओला वाटाणा आणि पावटा आल्या आल्या संपतो. सगळ्यांचे चेहरे उजळलेले असतात आणि मी मात्र घरातली माणसं पुन्हा पुन्हा नजरेनं चाचपत असते.

काल लेकीचा फोन आला. ती लातूरला वसतिगृहात राहते, परीक्षेची तयारी करते, फोनवर फार बोलत नाही. येळवशीला येतेय म्हणाली, एकटी नाही येणार म्हणाली, आणि पुढचं रात्री सांगते म्हणून फोन ठेवून दिला. मी चुलीपुढे बसून राहिले. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळी माणसं रानात जातात, कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, त्यांची पूजा करतात आणि जेवतात. बेसनात शिजवलेली शेंगांची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली गार आंबील. आणि रस्त्यानं जो कोणी जाईल त्याला बांधावरून हाक मारतात, जेवायला बोलावतात. ओळख लागत नाही. हाक ऐकून न थांबता पुढे जाणं हा मात्र मोठा अपमान समजतात.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी नांदेडात वाढले. वडील सरकारी कार्यालयात नोकरीला, भाड्याच्या दोन खोल्या, शेत नाही. त्यामुळे येळवसही नाही. वर्गातल्या काही मुली त्या दिवशी शाळेत यायच्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातांना हरभऱ्याचा आंबट वास यायचा, एवढाच माझा तिच्याशी संबंध.

आमच्या घरात एक नियम होता. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही. घेतलंच तर त्याच पावली काहीतरी द्यायचं. शेजारणीनं वाटीभर आमटी दिली तर वाटी रिकामी परत जायची नाही, त्यात निदान चार शेंगदाणे तरी जायचे. हा नियम आजोबांचा. देगलूरकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या बापाला दारोदार उभं राहून शिळ्या भाकरी घ्याव्या लागायच्या, वरून टाकलेल्या, ओंजळीत झेललेल्या. छप्पन्न साली आजोबांनी धम्म घेतला आणि त्या ओंजळीचा कायमचा निरोप घेतला. मरेपर्यंत त्यांनी कुणाकडे पाणीसुद्धा उसनं मागितलं नाही. हा नियम मला कधी जाचक वाटला नाही. आजही वाटत नाही. कुणी त्याला हट्ट म्हटलं तर मी भांडते.

लग्नानंतर काही वर्षांनी माझा नवरा मिलिंद रेणापूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षणसेवक म्हणून लागला. मानधन तुटपुंजं. गावाबाहेर रस्त्याला लागून थोडी जमीन घेतली आणि तिथंच आम्ही मातीच्या भिंतींचं घर उभं केलं. रिठ्यानं डोकं, राखेनं भांडी, कडुलिंबाच्या काडीनं दात. न्हाणीचं पाणी केळीला, केळीची पानं ताटाला, उष्टी पानं खड्ड्यात, आणि खड्ड्यातलं खत परत केळीला. जुन्या साडीची आधी गोधडी, मग पिशवी, मग फडकं, मग चुलीजवळचं बोळकं पुसायची चिंधी. आता शहरातली माणसं सुट्टी काढून असं राहायला येतात, त्याला नैसर्गिक जगणं म्हणतात आणि फोटो काढतात. आम्ही त्याला घर चालवणं म्हणायचो. त्यात आनंद होता, हे मात्र खरं. वस्तू कमी असल्या की त्या ओळखीच्या होतात.

मुलीचं नाव सुजाता ठेवलं होतं. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचं. देणाऱ्यांचीच नावं ठेवतात लोक. ती सहा वर्षांची झाली तेव्हा आम्हाला तिथं राहायला येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. गावात ओळखी जेमतेम होत्या.

त्या दिवशी सकाळी, शाळेला कसलीशी स्थानिक सुट्टी होती म्हणून, मिलिंद सायकल काढून रेणापूरला चुना आणायला निघाला. तो कुठंही निघाला की सुजाताला मागे बसवून वळणापर्यंत न्यायचा, तिथं उतरवायचा, आणि ती उड्या मारत घरी परत यायची. मी अंगणात रिठे फोडत बसले होते. त्या दिवशी रस्त्यावर गर्दी दिसत होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, डोक्यावर टोपली घेतलेल्या नव्या लुगड्यातल्या बाया. कुठं जत्रा असेल असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की सुजाता परतली नाही. बसली असेल हट्ट करून बापामागे, म्हणून मी पुन्हा रिठे फोडायला लागले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मिलिंद परतला. रेणापुरात एक दुकान उघडं नाही, असं चिडून सांगत त्यानं सायकल भिंतीला लावली. मागची सीट रिकामी होती. मी विचारलं, सुजाता कुठंय. त्यानंही त्याच वेळी तेच विचारलं.

आम्ही गावाकडे पळालो. आता वाटतं, या मुलखातल्या कुणीही ही चूक केली नसती. येळवशीच्या दिवशी गावात माणूस शोधणं म्हणजे वाळल्या हौदात पाणी शोधणं. पण आम्ही गल्लीगल्लीतून तिच्या नावानं हाका मारत फिरलो. दारांना कुलपं, चुली थंड, पारावर कुणी नाही. शाळेच्या ओट्यावर एक कुत्रं झोपलं होतं, तेही उठलं नाही. मिलिंदनं ओळखीच्या माणसांना फोन लावले. सगळी रानात, फोन लागेनात. भर दिवसा ओस पडलेलं गाव मी पहिल्यांदा पाहत होते. माझा आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला, तेव्हा मी हाका मारणं बंद केलं.

परत रस्त्याला आलो. आमच्या घरापुढचंच पहिलं रान. कोपीपुढे माणसं जेवत होती. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे बाबा आम्हाला पाहून उठले. लाल फ्रॉकमधली मुलगी पाहिली का, असं मी विचारलं.

"हाव, आली व्हती की," ते म्हणाले. "माझ्या सुनंनं हाक मारली. भज्जी खाल्ली, आंबील प्याली, आन् पुढल्या रानातल्या पोरांसंगं गेली. तुमी कुणाच्या?"

हा प्रश्न मला ठाऊक आहे. आमच्याकडे त्याचा अर्थ फक्त बापाचं नाव असा होत नाही. एरवी मी आडनाव सांगते, मुद्दाम आणि मोठ्यानं. त्या दिवशी मास्तरांच्या, एवढंच म्हणाले. त्यांनी पुढं विचारलं नाही. त्यांची सून कोपीतून एक छोटी पिशवी घेऊन आली. माझ्या जुन्या जांभळ्या साडीची पिशवी, आत सुजाताच्या खेळातल्या रिठ्याच्या काळ्या बिया. पोरगी जाताना ठेवून गेली, नको म्हटलं तरी ऐकेना, असं तिनं सांगितलं. मी वळले तशी तिनं माझ्या हातात एक उंडा कोंबला. येळवशीला रानातून कोरड्या तोंडानं जाता येत नाही म्हणाली. खायला वेळ नव्हता, परत करायलाही नव्हता. तो मुठीत धरून मी पळाले.

पुढच्या रानात कोपीच्या कडब्याला तिच्या केसांची फीत बांधलेली दिसली. साडीच्या काठाची, मीच सकाळी बांधलेली. इथंही ती जेवून गेली होती. तिथल्या बाया हसत होत्या. तुमची लेक फार शहाणी, खाल्लं की काहीतरी देऊनच उठते, असं कौतुक करत होत्या. कौतुक ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या रानात पांढऱ्या पाच दगडांपुढे, हळदीकुंकवाच्या शेजारी, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या होत्या. कुणा नवसाच्या बाईनं ठेवल्या असतील, असं त्या लोकांना वाटलं होतं. पोरगी कधी आली, कधी गेली, हे नक्की कुणाला सांगता येईना.

मी जिथं जाईन तिथं माझी मुलगी तुकड्यातुकड्यानं सापडत होती.

या भागातल्या विहिरींना कठडे नसतात. पीक उभं असलं की अगदी जवळ जाईपर्यंत विहीर दिसतच नाही. तुरी माझ्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. मी तुरीतून शिरत होते, विहिरीवर वाकत होते, आत पाहत होते, पुन्हा शिरत होते. अंगाला तुरीचा चिकट वास लागला होता. सगळीकडून हाका येत होत्या. या जेवायला, या की बाई. माझ्या आयुष्यात मला एवढ्या लोकांनी एवढ्या प्रेमानं कधी बोलावलं नव्हतं, आणि प्रत्येक हाक मला नकोशी वाटत होती, कारण ती सुजाताची नव्हती.

त्याच्या पुढच्या रानात कोप होती पण माणूस नव्हतं. कोपीला लागूनच विहीर. आणि विहिरीच्या काठावर सुजाताच्या चपला. शेजारी शेजारी, टाचा जुळवून नीट लावलेल्या. आमच्या घरात चपला अशाच काढायच्या असतात.

मी काठावर पालथी पडले. खाली हिरवं पाणी आणि त्यावर तरंगणारं एक वाळलेलं पान. पाणी हलत नव्हतं. मागे आवाज झाला म्हणून पाहिलं तर मिलिंद शर्ट काढत होता. मिलिंदला पोहता येत नाही. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यानं विहिरीच्या पहिल्या दगडी पायरीवर पाय ठेवला.

"ओ मास्तर, थांबा. पाण्यात कायबी न्हाई."

एक माणूस देवणी बैलांची जोडी पाण्यावर घेऊन येत होता. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. त्यानं कासरा खाली टाकला, आमचे चेहरे पाहिले आणि त्याचाच चेहरा उतरला. पोरगी जेवली, चपला काढून ठेवल्या, या तुमच्यासाठी म्हणाली, आणि अनवाणी ओढ्याकडे गेली, असं त्यानं सांगितलं. तो बैल आणायला गेला होता, नाहीतर जाऊ दिली नसती. हे सांगताना त्यानं चपला विहिरीच्या काठावरून उचलून लांब, बांधावर नेऊन ठेवल्या. मिलिंद पायरीवरच बसला होता. त्याला उठवायला त्या माणसानं हात दिला. मी थांबले नाही.

ओढ्यापलीकडे शेवटचं रान. त्याच्या पुढे नुसता माळ. ऊन कलतीला लागलं होतं. कोपीपुढे घोंगडी अंथरलेली, तिच्यावर एक घर गोल करून बसलेलं. नवरा, बायको, सासू, दोन मुलं. सगळ्यांपुढे पत्रावळी वाढलेल्या, कुणीही जेवत नव्हतं. मध्ये सुजाता होती. बांगड्या नाहीत, फीत नाही, केस मोकळे, पायांना चिखल, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. तिच्यापुढच्या पत्रावळीवर खिरीला साय धरली होती.

मी तिला उचललं नाही. का ते सांगता येत नाही. फक्त तिच्यासमोर उभी राहिले आणि रडायला लागले.

घरची बाई उठली. माझ्याच वयाची, उंच, कपाळाला आठ्या. ती चिडलेली होती आणि तिनं ते लपवलं नाही.

"तुमची हाय का ही? लई हट्टी हाय. कवाची बसून राहिली. जेवंना, आन् एकलं लेकरू जाऊ तरी कसं देवावं. आलेलं माणूस उपाशी ठिवून आपुन खायचं न्हाई, येळवस हाय. तवाधरनं आमी समदेच बसून राहिलोत."

तिच्या नवऱ्यानं मान हलवली. त्याला भूक लागली होती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मिलिंद मागून आला, सुजाताजवळ खाली बसला आणि तिला जेवायला सांगू लागला. ती त्याच्याकडे पाहीना. माझ्याकडे पाहत होती.

"माझ्याकडे आता काही नाही," ती म्हणाली. "फक्त फ्रॉक आहे."

कुणी हसलं नाही. त्या घरच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

त्या क्षणी मला आजोबा आठवले. आजोबांच्या वडिलांची ओंजळ आठवली, जी मी कधी पाहिलेली नाही. ती ओंजळ मिटावी म्हणून आमच्या घरानं किती जपलं होतं. आणि इथं त्यांची पणती हात पाठीमागे बांधून भरल्या पानापुढे उपाशी बसली होती, कारण हात पुढे करायचे तर त्यात काहीतरी असायला हवं, एवढंच आम्ही तिला शिकवलं होतं. पण इथं कुणी वरून काही टाकत नव्हतं. ही माणसं तिच्याच पंक्तीला, तिच्याएवढीच उपाशी बसली होती. यातला फरक तिला कुणी सांगायचा? दुसरं कोण होतं तिथं?

मी घोंगडीवर बसले. मूठ अजून आवळलेलीच होती. उघडली तेव्हा कळलं, पहिल्या रानातला तो उंडा आत होता, चेपून भुगा झालेला. मी तो पत्रावळीवर ठेवला, त्याला भज्जी लावली आणि खाल्ला. गार झालेली, चिंचेची आंबट भज्जी. त्या घरासमोर, हात रिकामे असताना, मी घास घेतला.

"आई, आपण यांना काय द्यायचं?" सुजातानं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. त्यांनी आपल्याला बोलावलंय. त्यांच्याबरोबर बसून जेवायचं, बस."

आमच्या घराण्यात हे वाक्य त्याआधी कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. सुजातानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी खरं बोलतेय का ते तपासल्यासारखं. मग तिनं हात पुढे घेतले, तळवे फ्रॉकला पुसले आणि खिरीत बोटं बुडवली. तिचा पहिला घास तोंडात गेला आणि तो भुकेजलेला नवरा लगेच आंबिलीच्या मडक्याकडे वळला. बायकोनं त्याला डोळ्यांनीच दटावलं, आणि मग तीच हसली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिनं माझ्या पत्रावळीवर आणखी भज्जी वाढली, वाकून, अगदी जवळून, तिच्या बांगड्या माझ्या हाताला लागल्या.

परतताना अंधारून आलं होतं. रानारानांत रिवाजाप्रमाणे कडब्याच्या पेंढ्या पेटवून पोरं पिकाभोवती पळत होती, ओरडत होती. सुजाता मिलिंदच्या खांद्यावर झोपली होती. बैलवाला चपला हातात घेऊन बांधावर आमची वाट पाहत उभा होता. फीतही परत मिळाली. बांगड्या मात्र मिळाल्या नाहीत. दगडांपुढे ठेवलेलं उचलत नाहीत म्हणाले, आणि आम्ही आग्रह केला नाही.

त्या लोकांनी आमचं आडनाव विचारलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पुढे ते सगळ्यांना कळलंच. कुणी तसंच वागत राहिलं, कुणी जरा लांबून बोलायला लागलं. एका दिवसावरून मुलखाला चांगलं ठरवू नये, आणि तो दिवस झालाच नाही असंही म्हणू नये. ती उंच बाई मात्र अजून येते. माझ्या अंगणात बसून रिठे फोडते, फोडता फोडता माझ्या चुका काढते. ती येते तेव्हा काही आणत नाही आणि जाताना मी तिला काही देत नाही. आम्हाला दोघींनाही त्याचं आता काही वाटत नाही.

आम्ही पांडव मांडत नाही. पण भज्जी करतो, आंबील करतो, आणि येळवशीला सकाळपासून रस्त्याच्या बांधावर उभे राहतो. एकटं मूल दिसलं की मी हाक मारत नाही, सरळ जाऊन त्याचा हात धरते, आणि कुणाचं आहे ते कळेपर्यंत सोडत नाही. पोटातला तो गोळा आता माझ्यासोबतच जाईल. वाटीत शेंगदाणे घालून परत करायची सवयही गेलेली नाही. दोन्ही चालतं.

सुजाताचा फोन रात्री पुन्हा आला. वसतिगृहातल्या मुली येणार आहेत म्हणाली. काहींची घरं लांब आहेत, काहींना शेत नाही, काहींनी येळवस कधी पाहिलेलीच नाही. मी विचारलं, किती जणी. तिनं ते सांगायचं टाळलं. आंबील जास्त कर एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "त्या विचारत होत्या, घरी येताना काय आणायचं. मी सांगून ठेवलंय, काही आणायचं नाही. हात हलवत यायचं."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि फळीवरचं सगळ्यात मोठं मडकं धुवायला काढलं.